शेणाचा ठराव

तेलुगू मुलखातल्या बाजारहत्नूरच्या पुढं तीन कोसांवर हिवरा नावाचं गाव. तिथं कापूस-ज्वारी पिकवणारे नागोराव १९८८ साली सरपंच झाले आणि चालताना त्यांचा एक हात आपोआप पाठीमागं जाऊ लागला. बायको राहीबाई विचारी, "पाठ दुखून राह्यली का तुमची?"

मंडल, म्हणजे तिकडचा छोटा तालुका, तेव्हा नवंनवं होतं. तिथल्या बैठकीत गावच्या गोबरगॅसची योजना निघाली. बारा घरांचं शेण एका खड्ड्यात, वर लोखंडी टाकी, बाराही घरांत गॅसची चूल. चालवायचं मात्र पंचायतीनं. बोलणं सगळं तेलुगूत. नागोरावांना निम्मं कळलं, पण हात त्यांनी पूर्ण वर केला. शिवाय "दिवाळीआधी जाळ दाखवतो," असं छातीठोक सांगून आले.

मारुतीच्या पारावर सभा भरली. दर घरानं रोज दोन टोपल्या शेण द्यावं, असा ठराव नऊ पंचांनी एकमतानं केला. नवांपैकी एकानंही जन्मात शेणाला हात लावलेला नव्हता, त्यामुळे एकमत व्हायला वेळ लागला नाही.

टाकी बसली, खड्डा मात्र कोरडा. नाही कुणीच म्हणेना. "उद्या धाडतो" एवढंच. नागोरावांनी दवंडी पिटवली, दंडाची भाषा केली, शेवटी हात जोडले. पोळा झाला आणि मंडलाचं पत्र आलं. दिवाळीपर्यंत जाळ दिसला नाही तर टाकी उचलून दुसऱ्या गावाला देऊ. गावाच्या हाती पहिल्यांदाच काही आलं होतं आणि ते आपल्या कारकिर्दीत जाणार, याची नागोरावांना मनापासून लाज वाटत होती.

त्यात खुद्द सरपंचाच्या गोठ्यातलंही शेण गेलेलं नव्हतं.

"तू काऊन देऊन नाई राह्यली?" त्यांनी राहीबाईला विचारलं.

"शेन म्हंजे घरची लक्ष्मी. ते दुसऱ्याच्या खड्ड्यात टाकून रिकाम्या हातानं घरी येऊ? अन् शेन आमी काढतो, गवऱ्या आमी थापतो. ठराव करताना आमाले इचारलं कोनी?"

मंडलातल्या कागदांत हा मुद्दा कुठंच नव्हता.

दोन दिवसांनी पुन्हा सभा झाली, या वेळी बाया बसल्या आणि पंच उभे राहिले. राहीबाई पदर सावरून उठली आणि मारुतीकडं बघत बोलली, "टोपली टाकायची, अन् गॅस निघून उरलेल्या मळीची टोपली घेऊन वापस यायचं. लक्ष्मी फिरून घरी आली, मंग काय हरकत? मळी निघेपर्यंत आमच्या उकिरड्यातलं खत घ्या."

बाया हसल्या. आपल्या कपाशीचं खत जाणार हे नागोरावांच्या ध्यानात आलं, तोवर ठराव झालाही होता. दुसऱ्या दिवसापासून खड्ड्यावर रांग लागली आणि महिन्याभरात नागोरावांचा उकिरडा सपाट झाला.

दिवाळीच्या चार दिवस आधी मंडलाची जीप आली, मागं टाकी न्यायला ट्रॅक्टरही. पण गॅसनं टाकी हातभर वर उचलली होती आणि बारा घरांतल्या शकुबाईच्या चुलीवर निळ्या जाळावर चहा उकळत होता. साहेब खूश झाले. बाकीची गावं शेणापाशीच अडली होती, म्हणून त्यांनी ठरावाची नक्कल मागितली.

"ये प्रस्ताव किसने रखा? नाम लिखना है."

"ग्रामसभेनं," नागोराव म्हणाले.

"सभा में से किसने?"

हिवऱ्यात नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. तीस वर्षं नागोरावांचं "अवं" आणि "आयकलं का" यावर निभावलं होतं. पंच मिशीत हसू लागले. राहीबाई शकुबाईच्या दाराआड सरकली. नागोरावांनी टाकीकडं पाहिलं, मग ते खाकरले, आणि कानापर्यंत लाल होत पुटपुटले, "राहीबाई."

साहेबांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि नागोरावांनी या वेळी न खाकरता, साऱ्या गावाला ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं.