निकासियाचा अर्धा वाडगा

आमची निकासिया उंच डोंगरमाथ्यावरच्या एल आल्तो शहराच्या बसस्टँडवर तीस वर्षं कोकाच्या पानांचा चहा विकतेय. चहा कमी, हुकूम जास्त. खालच्या गरम मुलखातला माणूस बसमधून उतरून इथल्या विरळ हवेत धापा टाकायला लागला, की ही त्याला खांदा दाबून बाकावर बसवणार. "बोलू नकोस! आज अंघोळ नाही, धावपळ नाही, सूप अर्धा वाडगा. बास!" आणि कप हातात देताना ठरलेलं वाक्य, "दोन दिवसांत इथला होशील." मी शेजारी ब्लँकेटं विकते, त्यामुळे मला हे सगळं तोंडपाठ आहे.

गेल्या मंगळवारी त्याच बाकावर तिचा जावई रोमेल बसला. लेक यानेत सात वर्षांपूर्वी लग्न करून खाली बेनीच्या उकाड्यात गेली, ती आता नवरा आणि चार वर्षांची पोर घेऊन पहिल्यांदाच घरी येत होती. निकासियाने त्यांच्यासाठी गच्चीखाली नवी खोली बांधून ठेवली होती. पण रोमेलने फोनवर आधीच सांगितलेलं, "सासूबाई, पहिला दिवस काढून बघतो. झेपलं तर कायमचे राहू, नाहीतर शुक्रवारी परत." झालं! बाईची झोपच उडाली.

मग काय, जावयाचे लाड सुरू. चहाचे पहिले थेंब धरणीमातेला वाहिले आणि तीन कप त्याला पाजले. घराच्या जिन्यावर तर कहरच. "जावईबापू, हळू! आधी श्वास, मग पाऊल!"

मी म्हटलं, "अगं, जावई आहे की अंडं?"

"तू गप्प बस. तुझा जावई दोन गल्ल्या सोडून राहतो, तुला काय कळणार?"

यानेतकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. डोंगरातली पोर ती, तिला काय धाड भरणार? तिनेही तोरा दाखवला. दोन्ही बॅगा उचलून तीन जिने धावत चढली आणि वरून नवऱ्याला हाका मारायला लागली, "या की, आजोबा!" जेवताना रोमेलला अर्धा वाडगा. तिला दोन, काठोकाठ. मटण, वाळवलेले काळे बटाटे, वर झणझणीत चटणी. बिचारा रोमेल तिच्या वाडग्याकडे आशाळभूतपणे बघत होता. खोटं कशाला बोलू, दुसरा वाडगा मीच वाढला.

तीनच्या सुमारास यानेत भांडी घासायला उठली आणि मोरीपाशीच मटकन बसली. चेहरा पांढराफटक, डोकं गच्च धरलेलं, खाल्लेलं सगळं बाहेर. चार वर्षांची नात अंगणात कुत्र्यामागे पळत होती. जावईबापू ठणठणीत! त्यानेच बायकोला उचलून पलंगावर निजवलं. निकासिया हातात डाव घेऊन नुसती उभी.

"पण ही तर इथलीच आहे," ती म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "सात वर्षं इथली हवा काय डब्यात भरून नेली होती तिने? चहा टाक आधी!"

कोपऱ्यावरच्या नर्सबाई येऊन बघून गेल्या. घाबरण्यासारखं काही नाही, पडून राहू दे, म्हणाल्या. रोमेल पलंगाच्या कडेला टेकला आणि हळूच म्हणाला, "शुक्रवारची तिकिटं काढू का गं?"

यानेतचे डोळे भरून आले. "आई, माझ्याच घरात मला श्वास घेता येत नाही."

निकासिया चहा घेऊन आली. चार थेंब जमिनीवर सांडले, कप लेकीच्या हातात दिला आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. म्हणाली, "दोन दिवसांत इथली होशील." आणि तिच्या पायथ्याशी बसली. "तीस वर्षं हे परक्या माणसांना सांगतेय. तुला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं."

यानेतने एक घोट घेतला. "होतात का गं पण? दोन दिवसांत?"

"मला काय ठाऊक? चहा पितात आणि जातात. परत येऊन कोण सांगतंय?" निकासियाने तिच्या अंगावर पांघरूण ओढलं. "तू थांब आणि मला सांग."

यानेत हसली, ठसकली आणि रोमेलकडे वळली. "तिकिटं राहू देत."

"मग मला आता अख्खा वाडगा मिळेल?" रोमेलने विचारलं.

"अजिबात नाही," मायलेकी एकदमच म्हणाल्या.