न पुसलेली शाई

लेस्टरमध्ये रायफली बांधून देणाऱ्या नंदा कर्णिक फटकळ म्हणून प्रसिद्ध होत्या. कुणाच्या हातचं वाईट काम दिसलं, की त्या भीडभाड ठेवायच्या नाहीत.

शनिवारी सकाळी जय नवी रायफल बांधून घ्यायला दोन ॲक्शन घेऊन आला. ॲक्शन म्हणजे ज्यात बोल्ट सरकतो तो पोलादी सांगाडा. बाकीची रायफल त्याच्यावर बांधायची. एक कोरी होती, दुसरी त्याच्या वारलेल्या वडिलांच्या टार्गेट रायफलची.

"मावशी, बाबांचीच वापरा. प्लीज."

नंदाताईंनी बोल्टच्या टोकाच्या, ॲक्शनच्या खाचांत अडकणाऱ्या दोन्ही कानांना निळी शाई लावली, बोल्ट दाबून बंद केला आणि उघडला. शाई दोन्हीकडची पुसली जायला हवी होती. एकाच कानाची पुसली गेली. म्हणजे बार उडाला, की सगळा दणका तो कान एकटा झेलत होता. तो तुटला, तर बोल्ट थेट नेमबाजाच्या तोंडावर येणार.

दुसऱ्या कानावर कानशीचे बारीक ओरखडे होते. ते त्यांनी ओळखले. बोल्ट जड जातो म्हणून जयचे वडील वीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडेच आले होते.

"जुनी आहे, झिजली असेल ना?" जयने विचारलं.

हो म्हटलं असतं, तर विषय तिथेच मिटला असता.

"झिजली नाही. मीच कानस मारली, नको तितकी. आणि तुझे बाबा शेवटपर्यंत तिच्यामागे गाल टेकवत राहिले."

जयने वडिलांची ॲक्शन बाजूला ठेवली. मग त्याने कोरी ॲक्शन त्यांच्यापुढे सरकवली.

"हिलाही शाई लावा. माझ्यासमोर."