गादीला ऊन

ओरछा गेटजवळच्या गल्लीत शकुंतलाबाई नवाथ्यांच्या गादीइतकी लाडावलेली गादी दुसरी नव्हती. होती साध्या कापसाची, पण तिची बडदास्त जावयासारखी. महिन्यातून एकदा उशाकडची बाजू पायथ्याशी जायची, खोळ दर पंधरवड्याला धुतली जायची, आणि पावसाळा सरला की बाई तिला गच्चीवर नेऊन दोन दिवस कडक ऊन देत. सकाळी एक बाजू, दुपारी दुसरी. मग वेताच्या छडीने अशी झोडपत की शेजारी खिडक्या लावून घेत. दव पडायच्या आत गादी खाली आलीच पाहिजे, नाहीतर कापूस ओल धरतो आणि त्याच्या गठळ्या होतात. नवऱ्याने, रमाकांतरावांनी, फोमची गादी आणू म्हणून पाहिलं होतं. एकदाच.

गादीखालोखाल बाईंचा जीव मराठीवर. नवाथ्यांना झाशीत पिढ्या गेल्या. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळा व्यवहार हिंदीत, पण उंबऱ्याच्या आत मराठी. आणि तीच मराठी बाईंनी आपल्या हाताने पोटच्या मुलाच्या तोंडून घालवली होती. नचिकेत नऊ वर्षांचा असताना पाहुण्यांनी विचारलं, मोठा होऊन काय करणार? तो ऐटीत म्हणाला, "मला खूप शिक्षा घ्यायचीय." त्याच्या डोक्यात हिंदीतली शिक्षा, म्हणजे शिक्षण. सगळे हसले, पण सगळ्यांत मोठ्याने हसली ती त्याची आई. वर वर्षभर येईल त्याला हा किस्सा सांगत सुटली. पोरगं तेव्हा जे हिंदीत गेलं, ते बँकेत अधिकारी झालं तरी परत आलं नाही. आईने मराठीत विचारायचं, त्याने हिंदीत उत्तर द्यायचं. बाईंना ते आजही सलतं.

आणि आता सून आली, नीरजा. झाशीजवळच्या समथरची, माहेरी सगळा बुंदेली कारभार. पण तिने हौसेने मराठी मनावर घेतली. "आई, मी भाजी चिरते. आई, तुम्ही बसा." चुकत, अडखळत, पण मराठीत. मन दुखावलं की मात्र 'आई'ची 'मम्मीजी' होई आणि पुढचे दोन दिवस सगळं हिंदीत. बाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं, काही झालं तरी या पोरीला हसायचं नाही. ही गेली की घरात मराठी बोलायला दोन म्हातारी तेवढी उरणार.

दसरा झाला आणि बाईंना नवऱ्यासह चार दिवस ग्वाल्हेरला बहिणीकडे जावं लागलं. ऑटोत बसता बसता त्या म्हणाल्या, "नीरजा, माझ्या गादीला ऊन दे हं. दोन्ही बाजूंनी. कंजुषी करू नको."

"हो आई, भरपूर देते!"

सून घरात आली जूनच्या शेवटी. तेव्हापासून आभाळ भरलेलं, त्यामुळे मराठीतलं ऊन तिच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. हे बाईंच्या लक्षात यायला हवं होतं, पण त्यांचं लक्ष बहिणीसाठी घेतलेल्या लाडवांच्या डब्यात.

चार दिवसांनी संध्याकाळी बाई परतल्या, पाय धुतले आणि सवयीने पलंगावर टेकल्या. टेकल्या कसल्या, आत रुतल्याच. गादी दुपटीने फुगलेली, वर नवं कोरं कापड, आणि साऱ्या खोलीत मेंढीचा वास.

"आई, ऊन दिलं!" नीरजाचं तोंड आनंदाने फुललं होतं. "भैया समथरहून पोतं भरून घेऊन आला. सीपरी बाजारचा गादीवाला म्हणाला, बहूजी, रुई के गद्दे में ऊन कौन डलवाता है? मी म्हटलं, हमारी सास ने कहा है, दोनों तरफ डालो."

हिंदीत ऊन म्हणजे लोकर. बाईंच्या पोटातून हसू असं उसळलं की त्यांनी पदर तोंडात कोंबला. रमाकांतराव तर खोकल्याचं निमित्त करून बाहेरच पळाले. तेवढ्यात बाईंना दारात नचिकेत दिसला. नुकताच बँकेतून आला होता, सगळं ऐकलं होतं त्याने. तो बायकोकडे बघत नव्हता. आईकडे बघत होता.

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं.

"चूक माझी, बाळा," त्या नीरजाला म्हणाल्या. "मराठीत ऊन म्हणजे धूप. छत पे जो आती है, वो. मी नीट सांगायला हवं होतं."

नीरजाचा चेहरा उतरला. "मम्मीजी..." एवढंच म्हणाली. गेली, ही पण गेली, असं बाईंना वाटलं.

नीरजाने गादीत बोट खुपसून पाहिलं. बोटाचा वास घेतला, नाक मुरडलं. मग एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आई, मग आता ह्या ऊनला ऊन देऊ?"

आणि स्वतःच फसकन हसली. मग मात्र बाईंनी पदर सोडला. सासू-सून त्या मेंढीच्या वासात एकमेकींच्या अंगावर पडून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. ज्या भाषेत आज फजिती झाली, त्याच भाषेत पोरीने विनोद केला होता! बाईंना तिला कुठे ठेवू नि कुठे नको असं झालं.

"उद्या सकाळी," दारातून आवाज आला, "मी नेतो गादी... छतवर."

बाई हसायच्या थांबल्या. बावीस वर्षांनी पोरगं मराठीत बोललं होतं. गच्चीवर म्हणतात रे, हे अगदी त्यांच्या ओठांवर आलं. ते त्यांनी गिळून टाकलं.

"ने रे बाळा," त्या म्हणाल्या. "जड झालीय फार."