नंदूच्या शेतावरचा बिबट्या

किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. शनिवारी नंदूच्या शेतावर जायचं आणि घरी येऊन सलवारीला चिकटलेली कुसळं काढत बसायचं, की एखादा आपोआप हाती लागतो. शेतावर नेमकं काय झालं, हे मात्र आमच्यापैकी कोणालाच धड सांगता येत नाही!

आम्ही म्हणजे चौघं. नंदू आणि शीतल हे पुण्याचं जोडपं, बेंगळुरूत एचएसआर लेआउटमध्ये माझ्या वरच्या मजल्यावर राहणारं. पाटील निपाणीकडचा, नंदूच्या टीममधला. आणि मी. नंदूने कनकपुरा रोडच्या पुढे एक शेत कसायला घेतलं. नाचणी पिकवायची आणि प्राणी-पक्षी बघायचे, असा बेत. त्यातही एकदा तरी बिबट्या दिसावा, ही त्याची खरी इच्छा.

शीतलला पुण्याला परत जायचं होतं आणि नंदूची बदली होण्यासारखी होती. तिने एकदा चहा पिता पिता निकाल लावला, "नाचणी घरात आली तर बेंगळुरू. नाही आली तर डिसेंबरात पुणे!" नंदू हो म्हणाला. मला कोणी विचारलं नाही, पण ही दोघं गेली असती तर मला फार एकटं वाटलं असतं.

*

खुरपणीच्या दिवशी नंदूने बांधावर स्टँड-अप मीटिंग घेतली. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय. अडचण एकच होती. नाचणी कुठली आणि तण कुठलं, हे कोणालाच कळत नव्हतं. मोबाइलमधलं ॲप दोन्हीला 'गवत' म्हणत होतं.

"सरका बघू," पाटील पुढे झाला. "आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शेती हाय."

तो दाखवेल ते आम्ही दुपारपर्यंत उपटलं. मग शेजारच्या शेतातले शिवण्णा आले, त्यांनी बघितलं आणि हसू आवरेना म्हणून ते बांधावरच बसले. अर्ध्या शेतात नाचणी उपटून आम्ही तण राखलं होतं!

"अहो पाटील, तुमच्या घरी शेती कसली?" शीतलने विचारलं.

"तंबाखूची, वहिनी. तंबाखू असती तर डोळे मिटून ओळखली असती की!"

शेवटी शिवण्णांनी त्यांच्याकडची उरलेली रोपं दिली आणि आम्ही पुन्हा लावणी केली.

*

पाटील घरी कानडीही बोलतो, पण त्याची कानडी बेळगावकडची. तो बोलला की शिवण्णा आदराने ऐकून घ्यायचे आणि मग शीतलकडे बघायचे. शीतलची कानडी भाजीवाल्या अक्कांकडून आलेली. स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं, बेडा म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे, की तिची कानडी संपली! एवढ्यावर त्या दोघांच्या गप्पा चहा निवेपर्यंत चालायच्या.

"काय म्हणाले?" मी एकदा विचारलं.

"मला काय माहीत? पण मला पटलं!"

*

एका शनिवारी शिवण्णा धावत आले. "चिरते! चिरते!" म्हणजे बिबट्या. ओढ्याकाठच्या चिखलात पंजा उमटला होता. नंदूचे डोळेच भरून आले. ठसा पुसला जाऊ नये म्हणून त्याने त्यावर घमेलं पालथं घातलं, आणि आम्ही सगळे कुजबुजत बोलायला लागलो.

तेवढ्यात शिवण्णांचा कुत्रा आला. घमेल्याभोवती एक चक्कर मारली आणि शेजारी तसाच, अगदी तसाच पंजा उमटवून गेला. शिवण्णा त्या कुत्र्यावर किती रागावले!

"दोघंही येऊन गेले असतील," नंदू म्हणाला. त्याने तिथे ट्रॅप कॅमेरा बांधला. समोरून काही हललं की फोटो निघतो. महिनाभर वाऱ्याने हलणाऱ्या गवताचे सुंदर फोटो निघाले.

*

कणसं भरली तसे पोपट यायला लागले. नंदूने बुजगावणं केलं. त्याला ऑफिसचा टी-शर्ट, गळ्यात जुनं आयडी कार्ड. पुढच्या शनिवारी शिवण्णा शीतलकडे तक्रार घेऊन आले. हा साहेब रोज उभा असतो, मी रोज नमस्कार करतो, पण उत्तर म्हणून देत नाही!

"मीटिंगमध्ये असला की नंदू असाच असतो," शीतल म्हणाली.

पोपटांनी मात्र साहेबाला ओळखलं होतं. ते त्याच्या खांद्यावर बसून कणसं खात. आठवडाभर राखण कोण करणार?

"माझ्याकडे बघू नका," शीतल म्हणाली. "बुधवारी घरून काम असतं, पण दिवसभर रिव्ह्यू. खाऊ देत पोपटांना. मी पुण्याची बॅग भरते."

नंदू त्या दिवशी जेवला नाही.

*

तरीही नाचणी आली! कशी, ते आम्हाला कळेना. शीतलने पहिल्या पिठाच्या भाकरीला सगळ्यांना घरी बोलावलं. ती स्वयंपाकघरात होती आणि बाहेर नंदूने कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावलं.

"खरं मी तो कॅमेरा ओढ्यावरनं काढून बांधाला लावलाय," पाटील म्हणाला. "रानडुकरं येतील म्हणून. सांगायचं राहिलंच."

डुकरं नव्हती. बांधावर, बुजगावण्याच्या शेजारी, भर उन्हात शीतल बसली होती. कानाला हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. पुढच्या फोटोत ती उभी राहून चमच्याने स्टीलचं ताट बडवत होती आणि आभाळभर पोपट उडाले होते. त्याच्या पुढच्यात शिवण्णा तिला चहा देत होते. कपडे बदलत होते, ताट तेच.

नंदू एकच फोटो मोठा करून बघत राहिला.

शीतल हातात उलथनं घेऊन दारात आली. "काय, दिसला का बिबट्या?"

नंदूने हळूच लॅपटॉप मिटला. "काहीतरी दिसलंय. पण ओळखता येत नाहीये."

"बुधवारचा फोटो असेल तर मला विचारू नका," ती आत वळत म्हणाली, "मला रिव्ह्यू असतो!"