सिंकमध्ये ओतलेली पेरूची वडी

सहा वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी दीडच्या सुमारास, मी तीन किलो पेरूंची बिघडलेली वडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतली. मुलुंड पूर्व, तिसरा मजला, फ्लॅट ३०३. सहा वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

मी तेव्हा एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होतो. ड्यूटी संध्याकाळची, त्यामुळे दुपार माझी. थंडीत पेरू आले की मी वडी करायचो. पिकलेले पेरू वाफवायचे, चाळणीवर घासून बिया वेगळ्या काढायच्या, गर साखर-तुपात आटवायचा, कढईच्या कडा सोडू लागला की लिंबू पिळून ताटात थापायचा. बिल्डिंगमधल्या सोळाही घरांत माझी वडी जायची. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण नोव्हेंबरपासून विचारायचा, "काय, पेरू आले की नाही बाजारात?" मला ते आवडायचं. फार आवडायचं — हेही लिहून ठेवतो.

त्या शनिवारी गर आटत असताना ऑफिसातून फोन आला. एका बातमीतल्या आकड्याचा घोळ होता, वीस मिनिटं गेली. परत आलो तोवर तळ करपला होता, वर तूप सुटलं होतं. चमचा ओढला तर रबरासारखा ताणला जाणारा गोळा. बायको, मेधा, तिच्या बहिणीकडे गेली होती आणि वडी होणार असं तिने तिथे आधीच सांगून ठेवलं होतं. ओल्या कचऱ्याचा डबा सकाळीच रिकामा होऊन आलेला. त्यात हा गोळा टाकला तर ती परत आल्यावर दिसणार. म्हणून मी उकळतं पाणी घातलं, ढवळून पातळ केलं आणि ओतलं. चाळणीतल्या बियाही त्यातच. जाळी आधी बाजूला काढून ठेवली. हे अनवधानाने झालं नाही.

रविवारी सकाळी पहिल्या मजल्यावर करंदीकर आजींच्या सिंकमधून पाणी उलटं वर आलं. ओटा, फरशी, खालच्या कपाटातले डबे — सगळं काळ्या पाण्यात. आजी एकट्या राहायच्या, वय एक्याऐंशी. जिन्यातून त्यांचा आवाज ऐकू आला, "अरे, कुणीतरी नळ बंद करा रे वरचे!" मी माझा नळ बंद केला आणि खाली गेलो.

प्लंबर मालवणचा होता. बांबूची लांब पट्टी घालून त्याने तळमजल्याजवळच्या वळणातून एक लगदा ओढून काढला. तो बोटांत चोळला, वास घेतला. तिथे त्या क्षणी फक्त मी उभा होतो. तो म्हणाला, "सायबानू, ह्यां त्याल न्हय. ह्यां कायतरी गोडाचां आसा. बियो बघा."

मी बघितल्या. पेरूच्या बिया होत्या. मी म्हणालो, "असेल काहीतरी. टाकून द्या."

त्याने टाकून दिला.

आता दुसऱ्या मजल्यावर या. २०३मध्ये सुजाता वाघमारे भाड्याने राहायची. मूळची वाशीमकडची, बौद्ध कुटुंब, नवरा ठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये, मुलगी श्रुती तेव्हा सातवीत. सुजाता घरी डबे करायची. अठरा डबे — जवळच्या हॉस्पिटलातल्या नर्स, काही एकटे राहणारे नोकरदार. बुधवारी आणि शुक्रवारी मटण किंवा अंडाकरी. तिचं सिंक माझ्या सिंकच्या बरोबर खाली, एकाच पाइपवर.

चेअरमनसाहेबांनी लगदा पाहिलाच नव्हता. तरी जिन्यात उभे राहून म्हणाले, "रोजचा तेला-मटणाचा कारखाना चालवायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार?" दोघे-तिघे हसले. मी हसलो नाही. पण इथे मला 'गप्प राहिलो' असा शब्द वापरता येणार नाही. कारण मी गप्प राहिलो नाही.

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. "तुम्ही पेपरातले. नोटीस तुम्हीच लिहा, आमचं मराठी म्हणजे आनंद आहे." मी लिहिली. चांगली लिहिली. सिंकला जाळी कायम लावावी. तेल-तूप कधीही ओतू नये, कागदाने पुसून ओल्या कचऱ्यात टाकावं. गरम असताना पातळ दिसणारा पदार्थ पाइपमध्ये गार होऊन घट्ट होतो. आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी जोरात सोडावं. यातलं प्रत्येक वाक्य बरोबर आहे आणि ती नोटीस आजही तळमजल्यावरच्या बोर्डाच्या कोपऱ्यात आहे. पण या सूचनांच्या वर मी आणखी दोन वाक्यं लिहिली होती. "पाहणीत पाइपमध्ये तेल, मसाला व मांसाहारी खरकटे आढळले. या लाइनवरील एका घरात व्यावसायिक स्वयंपाक चालतो." दुसरं वाक्य खरं होतं. पहिलं मी बनवलं. तीस वर्षं मी इतरांच्या कॉपीतली असली वाक्यं लाल पेनाने खोडत आलो होतो.

त्याच आठवड्यात मी नवे पेरू आणून वडी केली आणि सोळाही घरांत वाटली. २०३मध्येही.

— हे सांगून झालं असं वाटतंय ना? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. स्वतःशी हिशेब मांडताना मी इथेच थांबायचो. पण खरी गोष्ट यानंतरची आहे.

कमिटीने सुजाताला डबे बंद करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माझी बेल वाजवली. हातात कोरा कागद. "दादा, तुमचं लिहिणं चांगलं आहे. मला कमिटीला एक अर्ज लिहून द्या ना. मी जाळी लावते, तेल वेगळं काढून ठेवते, काय म्हणतील ते करते. डबे बंद झाले तर कसं होईल?"

ती माझ्याच टेबलाशी बसली होती. ओटा तिथून सहा फुटांवर. मी तेव्हा सांगू शकलो असतो. तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? जिन्यात चार दिवस चेष्टा झाली असती. दुसरं काही नाही.

मी अर्ज लिहिला. मुद्देसूद, नम्र, एका पानात. आणि शेवटी एक वाक्य घातलं: "माझ्याकडून झालेल्या चुकीबद्दल मी दिलगीर आहे."

सुजाताने वाचलं. बोट त्या ओळीवर ठेवून म्हणाली, "पण दादा, मी टाकलंच नाही काही. मी तर तेल बाटलीत भरून ठेवते."

मी म्हणालो, "असं लिहिलं की प्रकरण लवकर मिटतं."

का म्हणालो? मिटावं असं मला वाटत होतं, हे खरं. तिचं प्रकरण नाही — माझं. कुणी तरी कबूल केलं की पाइपमध्ये काय सापडलं हे पुन्हा कोण विचारणार? हे मला टेबलाशी बसल्या बसल्या कळत होतं. वाक्य लिहिताना हात थांबला नाही.

तिने सही केली. "थँक्यू हं दादा," असं म्हणाली.

कमिटीच्या बैठकीत अर्ज वाचला गेला. चेअरमन म्हणाले, "बघा, स्वतःच लिहून दिलंय." डबे बंद झाले. घरमालकाने करार वाढवला नाही. श्रुतीची आठवी सुरू होण्याआधी वाघमारे कळव्याला गेले. टेम्पो भरताना मी गॅलरीत होतो. सुजाताने खालून हात हलवला.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. मी आता निवृत्त आहे. नवऱ्याचं वर्कशॉप बंद झालं होतं, तिला पुन्हा डबे सुरू करायचे होते. पण कळव्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे तिच्या जुन्या अर्जाचा फोटो पोचला होता. आमच्या बिल्डिंगमधल्या कुणाकडून तरी, ग्रुपवरून ग्रुपवर. "माझ्याच सहीचा आहे, दादा. नाही कसं म्हणू? ते म्हणतात, तुमचं आधीचं रेकॉर्ड असं आहे. तुम्ही अजून एक अर्ज लिहून द्याल का?"

मी मेधाला त्याच रात्री सांगितलं. ती म्हणाली, "बेसिनमध्ये करपलेला वास येत होता त्या दिवशी. मी विचारलं होतं तुला." विचारलं होतं. मी दूध उतू गेलं म्हणालो होतो.

रविवारी सकाळी मी कळव्याला गेलो. सुजाता, तिचा नवरा आणि श्रुती, तिघे समोर बसले. मी वडी, बिया, प्लंबर, नोटीस, अर्जातलं ते वाक्य, सगळं क्रमाने सांगितलं. 'चुकून' हा शब्द वापरायचा नाही, हे ठरवून गेलो होतो. नवरा उठून आत गेला. श्रुती आता एकोणीसची आहे. तिने विचारलं, "आणि नंतर आमच्याकडे वडी कशी काय दिलीत?" मी म्हणालो, "दिली."

सुजाताने पदराने टेबल पुसलं. पुसायचं काही नव्हतं. "तुमची माफी घेऊन मी काय करू, साहेब? इथल्या सेक्रेटरींना कागद लागतो. तुमच्या सोसायटीचा, शिक्क्याचा. तेवढा आणा."

तो दिवस धरून पुढचे एकोणीस दिवस मी तेवढंच केलं. नवे चेअरमन म्हणाले, "जाऊ द्या ना काका. कशाला जुनं उकरता? आजीही आता नाहीत." जुने चेअरमन म्हणाले, "सोसायटीने चूक कबूल करायची म्हणजे उद्या सगळेच येतील." मी दोघांना सांगितलं, चूक सोसायटीची म्हणू नका, माझी म्हणा. पण लेटरहेडवर म्हणा. प्लंबरला शोधून काढलं. तो भांडुपला राहतो. त्याला लगदा आठवत होता. त्याने सही दिली. मी माझं निवेदन लिहून सोळाही घरांत स्वतः नेऊन दिलं. काहींनी दारातच वाचलं, दोघांनी न वाचता घेतलं. एकीने माझ्याकडे पाहिलं आणि दार लावलं. सर्वसाधारण सभेत ते 'आयत्या वेळचे विषय' यात चौथ्या क्रमांकावर आलं. मी उभं राहून वाचलं. इतिवृत्तात नोंद झाली.

पत्र शुक्रवारी मिळालं. त्यात लिहिलं आहे की पाइप फ्लॅट ३०३मधून टाकलेल्या पदार्थामुळे तुंबला होता, श्रीमती वाघमारे यांचा त्याच्याशी संबंध नव्हता, आणि त्यांच्या सहीच्या अर्जातलं दिलगिरीचं वाक्य ३०३च्या रहिवाशाने, खरं काय ते माहीत असताना, लिहिलं होतं. शेवटचा मजकूर मी सांगितला तसाच ठेवला गेला. खाली सेक्रेटरींची सही, गोल शिक्का.

शनिवारी ते मी कळव्याला नेऊन दिलं. सुजाताने दारातच उभं राहून ते दोनदा वाचलं आणि श्रुतीच्या हातात दिलं. श्रुतीने फोटो काढून त्यांच्या सेक्रेटरींना पाठवला. तेव्हा अकरा चाळीस झाले होते. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. दुपारी चारपर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.