भिंतीवरचा हेरिबेर्तो

आमच्या सांता ब्रिहिदा वस्तीत कुणाच्याही भाड्याच्या मोटरसायकलवर बसा, ती माझ्या दुकानासमोरूनच जाणार. रस्ताच तो आहे, दुसरीकडून कशाला जाईल? फक्त हेरिबेर्तो मोस्केआच्या मागे बसलात तर मेलात. हा बाबा दुकानाच्या अलीकडेच वळतो, मागच्या बोळात शिरतो, डुकरांच्या कुंपणाला वळसा घालतो, उसाच्या गाड्यांनी पाडलेल्या खड्ड्यांतून तुम्हाला खडखडवत नेतो आणि दवाखान्यापाशी पुन्हा रस्त्याला लागतो. नवा माणूस ओरडतो, "अरे, कुठं नेतोयस मला?" जुनी माणसं ओरडत नाहीत. घरातूनच जरा लवकर निघतात.

मी एर्सिलिया. कोलमादो माझा. कोलमादो म्हणजे नुसतं किराणा दुकान नव्हे. तांदूळ आहे, खारवलेले मासे आहेत, बाहेरून पांढरी झालेली थंडगार बिअर आहे, जिला आमच्याकडे नवरी म्हणतात. दिवसभर डॉमिनोची आपटाआपट आहे, आणि ज्याचं घरी कुणी ऐकत नाही त्याचं ऐकायला मी आहे. आणि या दुकानाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर, जमिनीपासून पत्र्यापर्यंत, हेरिबेर्तो आहे.

सोळा वर्षांचा होता तेव्हा. काय चेंडू फेकायचा पोरगा! नुसता आवाज यायचा, चेंडू दिसायचाच नाही. त्याला झेलणाऱ्या पोराचा हात इतका सुजायचा की त्याची आई हेरिबेर्तोच्या आईशी भांडायला यायची. मग अमेरिकेतल्या बेसबॉल संघाचे पाहुणे आले, डोळ्यांवर काळे चष्मे, हातात वेग मोजायचं यंत्र. यंत्राकडे बघून एकमेकांकडे बघत राहिले. संघाच्या करारावर पोराची सही झाली, आणि वस्तीनं त्याला डोक्यावर घेतलं. ट्रकवर उभा करून मिरवला, मागे ढोल, पुढे फटाके. नावच पडलं त्याचं, तोफ.

आता आमची घाई बघा. पोरगं अजून विमानात बसायचं होतं, तोच त्याची आई फेफा माझ्याकडे आली. फेफा माझी जिवाभावाची, हेरिबेर्तोच्या बाप्तिस्म्याला त्याला मांडीवर घेऊन बसलेली मी. त्याची माद्रिना, म्हणजे आईनंतरची आई.

"एर्सिलिया, तुझी भिंत दे," म्हणाली. "पोराचं चित्र काढायचंय."

"घे की, भिंत काय मी खाणार आहे?" मी म्हटलं.

पेंटरनं त्याला थेट सगळ्यात मोठ्या संघाचा पोशाख चढवला. हात वर, डोळ्यांत अंगार, मागे आग ओकणारी तोफ. तो पोशाख अंगावर यायला कित्येक वर्षं खालच्या संघांत घासावी लागतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आनंदात कोण थांबतंय! आमच्याकडे बारशाआधीच लग्नाची पंगत उठते.

मग गेला न्यूयॉर्कला. म्हणजे आमच्याकडे सगळी अमेरिकाच न्यूयॉर्क, खरं तर तो कुठल्याशा बर्फाळ खेड्यात होता. तिथं कळलं की तोफेला वेग आहे, नेम नाही. बेसबॉलमध्ये फेकणाऱ्यानं चेंडू फलंदाजासमोरच्या एका चौकोनातून न्यायचा असतो. चौकोन कुणी आखलेला नसतो, पण सगळ्यांना दिसतो. आमच्या तोफेला सोडून. इथं गल्लीत त्याच्या भीतीनं पोरं कशावरही बॅट फिरवायची, म्हणून ते कधी उघडं पडलं नाही. तिकडचे फलंदाज नुसते उभे राहिले.

पुढचं हेरिबेर्तोच्याच तोंडून ऐकावं. परत आल्यावर माझ्या मागच्या ओट्यावर बसून तोच सांगायचा आणि डॉमिनोवाले पोट धरून हसायचे.

"एकदा तर माद्रिना, त्यांच्या संघाचा एक माणूस कोंबडीचं सोंग घेऊन नाचत होता. मैदानाच्या पार त्या टोकाला. त्याला लागला."

"कोंबडीला?"

"कोंबडीला! आडवी. दुसऱ्या दिवशी लोक तिकिटं काढून आले, आज कुणाला लागतोय ते बघायला. तेवढ्यापुरता मी लोकप्रिय होतो."

काही वर्षांनी त्यांनी घरी पाठवला. वस्तीनं तोफेचा फुसका बार करून टाकला, पोरं तोंडावर म्हणायची. तो म्हणायचा, "हो, पण आवाज किती मोठा झाला!" मोटरसायकल घेतली, लग्न केलं, दोन पोरी झाल्या. इतका हसतमुख माणूस या वस्तीत दुसरा नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. पण माझ्या दुकानात येणार ते मागच्या दारानं.

"आशीर्वाद, माद्रिना," असं म्हणतच आत पाऊल. आमच्याकडे थोरांना भेटलं की आधी आशीर्वाद मागायचा, मग बाकीचं. न मागता गेलात तर थोरांच्या जिवाला दिवसभर घोर.

"देव तुझं भलं करो, आणि पुढच्या दारानं यायची अक्कल देवो," मी म्हणायची.

आणि फेफा? ती दर रविवारी चर्चमधून यायची, माझ्याकडून पाण्याची बादली घ्यायची आणि ओल्या फडक्यानं भिंतीवरच्या लेकाचं तोंड पुसायची. कपाळ, नाक, गाल. पोरगं परत आलं, फुसका बार झालं, तरी पुसायचीच. मी एकदा म्हटलं, "अगं बाई, खरा पोरगा घरी झोपलाय, त्याचं पूस." ती हसली फक्त. पाच वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून भिंतीवर साखर कारखान्याची काजळी बसत गेली आणि पोरगं काळवंडत गेलं. मला वाटायचं, हेरिबेर्तो आपलंच तोंड बघायला लाजतो म्हणून बोळातून जातो. सगळ्या वस्तीला तसंच वाटायचं.

यंदा जानेवारीत यांदिएलची सही झाली. शिवणकारखान्यात काम करणाऱ्या नेरेइदाचा लेक, उंच, लाजाळू, तोही सोळाचाच. पुन्हा ट्रक, पुन्हा ढोल. आणि आमच्या बेसबॉल मंडळाचा अध्यक्ष कुकी चुन्याचा डबा, ब्रश आणि पेंटर घेऊन माझ्या दारात.

"एर्सिलिया, सांता ब्रिहिदाच्या उत्सवाच्या आत हा जुना पुसू आणि यांदिएलला काढू. मोठ्या संघाच्या पोशाखात!"

"भिंत माझी आहे, कुकी. मला विचारतोयस की सांगतोयस?"

"विचारतोय गं बाई. पण लवकर हो म्हण, पेंटर उन्हात उभाय."

माझं डोकं फिरलं. फेफानं इतकी वर्षं पुसलेलं तोंड हा चुना मारून झाकणार? मी झाडू उचलणार, तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. पुढच्या रस्त्यानं. डॉमिनोवाल्यांचे हात हवेतच राहिले. हेरिबेर्तो माझ्या पुढच्या दारात उतरला.

"आशीर्वाद, माद्रिना."

"देव भलं करो," मी म्हटलं, "आणि आज सूर्य कुठून उगवला?"

तो हसला नाही. कुकीला म्हणाला, "मला पुसा. खुशाल पुसा, इतक्या उशिरा का होईना. पण त्या पोराला इथं काढू नका."

"का? जळतोस काय?"

"काल त्याला मागच्या बोळात पाहिलं. तुम्ही चित्राचे बेत करत होतात आणि तो डुकरांकडून वळसा घालून घरी चालला होता. अजून गेला नाही, हरला नाही, आणि आत्ताच बोळातून? त्या बोळात मी एकटा पुरे आहे, कुकी."

डॉमिनोवाल्यांनी सोंगट्या खाली ठेवल्या. कुकीला मात्र माणसं जमलेली आवडतात, आणि एव्हाना अर्धी वस्ती जमली होती. नेरेइदाही आली होती, लेकाचा हात धरून.

"ऐका हो!" कुकी ओरडला. "चौकोन न सापडलेला माणूस आम्हाला अक्कल शिकवतोय. असं कर, तोफखाना. भिंतीवर खडूनं चौकोन आखतो. तीन चेंडू. एक, फक्त एक आत टाक, मी चुना घेऊन घरी जातो. नाहीतर पोराचं चित्र निघालंच म्हणून समज."

मी म्हणणार होते, नको रे बाबा, या सोंगाड्याच्या नादी लागू नको. पण हेरिबेर्तोनं शर्टाच्या बाह्या वर केल्या होत्या. कुकीनं चित्राच्या छातीवर, जिथं संघाचं नाव होतं तिथंच, चौकोन आखला. कुणीतरी चेंडू आणला. हेरिबेर्तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. रेडिओवरचा बाचाता, आमच्या विरहगीतांचा रतीब, बंद झाला, माझ्या दुकानात दिवसा कधी होत नाही तो.

पहिला चेंडू. आवाज आला, दिसला नाही. अगदी पूर्वीसारखा. दिसला तेव्हा कुकीच्या गाडीचा आरसा रस्त्यावर पडलेला होता.

"माझा आरसा!"

"कोंबडी वाचली!" डॉमिनोवाल्यांतून आवाज. माणसं लोळायला लागली.

दुसरा पत्र्यावरून गेला. तो पाद्रीबाबांच्या फणसाच्या झाडात बसलाय म्हणतात, अजून खाली आलेला नाही. आता हसणं थांबेना. पण मी हेरिबेर्तोकडे बघत होते. चाळिशी ओलांडलेला माणूस, घामानं निथळलेला, आणि ओठ असे दाबलेले की जणू स्वतःच्या पोरींसाठी फेकतोय. देवा, मी म्हटलं, आयुष्यात एकदा, एकदाच टाक रे त्याचा चेंडू चौकोनात.

तिसरा चेंडू भिंतीला लागला. चौकोनात नाही. बरोबर चित्राच्या नाकावर. गिलाव्याचा पापुद्रा निघाला आणि भिंतीवरच्या तोफेचं नाक जमिनीवर पडलं.

वस्ती खदाखदा हसली. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. हेरिबेर्तो स्वतःही हसला, हात पसरून म्हणाला, "निदान माणूस तरी बरोबर निवडला!" मग भिंतीपाशी आला, ते नाक उचललं आणि हातात धरून उभा राहिला.

कुकीनं डब्याचं झाकण उघडलं. "चला, पेंटर."

"थांबा," नेरेइदा म्हणाली. ती हसली नव्हती. "हेरिबेर्तो, एक सांग. हे चित्र कुणी काढवलं होतं?"

"आईनं."

"मग आईनं काढवलेल्या चित्राला इतका का घाबरतोस? लाज वाटते?"

"चित्राची कसली लाज, वहिनी? कोंबडीची गोष्ट मी स्वतः सांगतो सगळ्यांना." तो हातातल्या नाकाकडे बघत होता. "परत आलो त्या पहिल्या रविवारी इकडून चाललो होतो. आई इथं उभी. फडक्यानं याचं तोंड पुसत होती. मला वाटलं, चिडली असेल, म्हणून पुसून टाकतेय. तर नाही. चमकवत होती. जवळ जाऊन आशीर्वाद मागायचा होता. तिनं वळून माझ्याकडे बघितलं असतं ना, मग याच्याकडे, मग परत माझ्याकडे... मी नाही गेलो. बोळातून गेलो. नंतर रोजच बोळातून. घरी मागायचो आशीर्वाद, पण इथं कधी नाही."

इतकी वर्षं बादली मी देत होते, आणि मला वाटत होतं पोरगं स्वतःला लाजतंय.

नेरेइदानं लेकाकडे बघितलं. यांदिएल जमिनीकडे बघत होता.

"काल तू बोळातून आलास?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"कुकी," ती म्हणाली, "चित्र नको."

"अगं पण तीन चेंडू... पैज मी जिंकलोय!"

"जिंकलास ना? मग नवा आरसा शोध. माझ्या पोराला भिंतीवर चढवायचं नाही. जाईल, जमेल ते करेल, आणि परत येईल तेव्हा माझ्यासमोरून येईल."

"आणि भिंतीचं काय? उत्सव आलाय, ही नाकाशिवाय ठेवू?" कुकी माझ्याकडे वळला.

"पांढरी कर," मी म्हटलं. "आणि त्यावर नुसता चौकोन काढ. वस्तीतल्या पोरांना नेम धरायला. या वस्तीत वेगाची कमी कधीच नव्हती."

कुकी पुटपुटला, पण पेंटर खूष झाला. चौकोन काढायला वेळ कितीसा लागतो! ब्रश बुडवला, तर हेरिबेर्तोनं त्याचा हात धरला.

"काजळीवर चुना धरत नाही. आधी धुवायला लागेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी आत गेले, फेफाची बादली भरली, फडकं दिलं. लोक पांगायला लागले होते, बाचाता पुन्हा सुरू झाला होता, पाद्रीबाबांच्या झाडाखाली पोरं दगड मारत होती. हेरिबेर्तोनं फडकं पिळलं आणि भिंतीवरच्या सोळा वर्षांच्या पोराचं तोंड पुसायला लागला. कपाळ. नाक होतं ती जागा. गाल. काजळी उतरली तशी ती फेफाच्या काळातली चमक वर आली. काय देखणं पोरगं होतं, अगं आई गं!

पुसून झाल्यावर तो एक पाऊल मागे सरकला, टोपी काढली आणि भिंतीसमोर, फेफा उभी राहायची त्या जागेकडे बघून हळूच म्हणाला, "आशीर्वाद, आई."

उत्तर द्यायला फेफा नव्हती. आईनंतरची आई होती.

"देव तुझं भलं करो, पोरा," मी म्हटलं.