‘बाहेर’ लिहिलेल्या पिशव्या

हे आज सकाळपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून दुसरं काहीच मी लपवलेलं नाही. म्हणूनच हे जास्त जड झालं असावं.

मी बोरी अरबचा. अडाण नदीला पूर आला की पुलापासून लांब उभा राहणारा माणूस. मला पाण्याची भीती वाटते. आणि नोकरी लागली ती कोकणात, समुद्र मोजायची! मग ‘नाही’ का म्हटलं नाही? घरी काय सांगणार होतो — घाबरलो म्हणून?

काम सांगतो. एका बंदराच्या खाडीतला गाळ उपसायचा होता. तो खाडीच्या तोंडाशी टाकला, तर भर समुद्रात जाईल की भरतीबरोबर परत आत येईल? हे कळावं म्हणून गाळाबरोबर रंगीत वाळू सोडली होती. दिव्याखाली तिचे कण चमकत. मग मी होडीतून फिरायचं, लोखंडी भांड्यानं तळाचा चिखल वर काढायचा, पिशवीत भरायचा आणि वर लिहायचं — ‘आत’ किंवा ‘बाहेर’. ‘बाहेर’च्या पिशव्या चमकल्या, तर गाळ समुद्रात जातो. एवढं साधं.

होडी दामू तांडेलाची. माझ्याच वयाचा, तोंडाचा फटकळ. मी फळी धरून बसलेला दिसलो की म्हणायचा, “ओ कापूसवाले, फळी सोडा जरा! उपटून गावाला नेताय की काय?”

‘आत’च्या पिशव्या मी धक्क्याजवळ, संथ पाण्यात भरल्या. मग खाडीच्या तोंडाशी समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकाला वळसा घालून बाहेर जायचं होतं. टोकाशी आलो आणि समोरची लाट पाहिली. होडीचं नाक वर गेलं. मी ओरडलो — थांबव.

आणि टोकाच्या आडोशाला, खाडीच्या आतच, सगळ्या पिशव्या भरल्या. ‘बाहेर’ लिहिलं.

दामू बघत होता. “हे बाहेर?” त्यानं विचारलं.

“हेच बाहेर,” मी म्हणालो.

तो हसला. कुणाला काही बोलला नाही — मला वाचवलं त्यानं.

त्या पिशव्या चमकल्या. का नाही चमकणार? गाळ परत आत येत होता आणि मी त्याच वाटेवर बसलो होतो. पण वर ‘बाहेर’ लिहिलं होतं ना! साहेब खूश झाले. गाळ तिथेच टाकायचं ठरलं, आणि वर्षानुवर्षं टाकला गेला. खाडीचं तोंड उथळ झालं. जिथं खोल पाणी होतं, तिथं लाटा फुटू लागल्या. अशाच एका संध्याकाळी मासे घेऊन परतताना दामूची होडी तळाला लागून उलटली. तो गेला. मला एका सहकाऱ्यानं सांगितलं, तेव्हा मी चहा पीत होतो. चहा संपवला. त्याच्या घरी गेलो नाही.

आता मी निवृत्त होऊन गावी असतो. परवा बंदरातल्या एका तरुण अधिकारी बाईंचा फोन आला. तीच खाडी पुन्हा उपसायची आहे, गाळ त्याच जागी टाकायचा आहे, आधार माझ्या मोजणीचा. “सर, तुम्ही स्वतः बाहेर गेला होतात ना?”

“हो,” मी म्हणालो. या वयातही — लगेच.

“कोनाचा फोन व्हता?” बायकोनं विचारलं. “काहून घामेजून राह्यले जी?”

काही नाही म्हणालो. शेजारच्या शेतात तलावातला गाळ आणून पसरताहेत. ट्रॅक्टर आला की मी आत जाऊन दार लावायचो. कशाची भीती? पकडला जाण्याची? की न पकडला जाण्याची — आणि पुन्हा कुणाची तरी होडी तिथं लागण्याची?

आज सकाळी मीच त्या बाईंना फोन केला. बायको पडवीत तूर पाखडत होती. मी बाहेर गेलोच नव्हतो, ते सांगितलं.

“मग त्या पिशव्या कुठल्या, सर?”

“आतल्या.”

“हे आणखी कुणाला माहीत होतं?”

“दामू तांडेलाला.”

“त्यांचा नंबर मिळेल?”

पडवीतलं सूप थांबलं होतं. मी म्हणालो, तो नाही आता. आणि का नाही, तेही सांगितलं.